कुलूपबंद वॉशिंग्टनमध्ये

बुधवार, ९ जानेवारी २०१९

वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने बोटांचे ठसे घेतले, मुक्काम किती ते विचारलं आणि शिक्का मारून पासपोर्ट परत दिला. खर्चाला मंजुरी न मिळाल्याने २२ डिसेंबरपासून अमेरिकेच्या केंद्र सरकारचं बरंच काम बंद आहे, इथे याला 'शटडाउन' म्हणतात. तेव्हापासून केलेल्या कामाचा एक डॉलरही त्याच्या हाती पडलेला नव्हता. हे त्याने सांगितलं नाही. भाचीने फोनवर आधीच कानावर घातलं होतं, म्हणून मला ठाऊक. 'अत्यावश्यक' ठरलेल्यांनी कामावर यायचं आणि पैसे सरकार पुन्हा सुरू होईल तेव्हा घ्यायचे, अशी इथली रीत. मी त्याला जरा जास्तच मनापासून 'थँक यू' म्हटलं.

अ‍ॅशबर्नला घरी पोचेपर्यंत अंधार झाला होता. व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीतल्या या गावात मराठी घरं पुष्कळ. भाची आणि तिचे यजमान दोघंही आता अमेरिकन नागरिक आहेत. ती एका खासगी कंपनीत आहे. जावई कंत्राटदारामार्फत एका सरकारी खात्याच्या संगणक यंत्रणेवर काम करतात. ते खातं बंद, म्हणून त्यांचंही काम बंद. जेवताना ते नेहमीसारखे बोलत होते, पण भाची मधूनच त्यांच्याकडे बघायची.

शटडाउनचं मूळ थोडक्यात असं. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना ५.७ अब्ज डॉलर हवेत, विरोधी डेमोक्रॅट द्यायला तयार नाहीत आणि या वादात पंधरापैकी नऊ खात्यांचा खर्च मंजूरच झालेला नाही. सुमारे ८ लाख कर्मचारी पगाराविना आहेत. त्यातले ३ लाख ८० हजार घरी, ४ लाख २० हजार कामावर. ११ डिसेंबरला व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर डेमोक्रॅट नेते नॅन्सी पेलोसी आणि चक शूमर यांना ट्रम्प म्हणाले होते की सीमा सुरक्षेसाठी सरकार बंद करायला आपल्याला अभिमानच वाटेल.

झोपण्याआधी भाचीने तिचं 'आय व्होटेड'चं स्टिकर दाखवलं. ६ नोव्हेंबरला तिने पहिल्यांदा मत दिलं, अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध होणाऱ्या मिडटर्म निवडणुकीत. सांगलीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुकांची ड्युटी मी केली आहे, केंद्राध्यक्ष म्हणून पेट्या सील केल्या आहेत, पुढे यंत्रंही. त्यामुळे मी बारीकसारीक विचारत बसले. व्हर्जिनियाने २०१७मध्ये टचस्क्रीन यंत्रं रद्द केली. आता कागदी मतपत्रिकेवरचा छोटा गोल काळा करायचा आणि मतपत्रिका स्वतः स्कॅनरमध्ये सरकवायची. सकाळी सहाला केंद्र उघडतं, संध्याकाळी सातला बंद. ती कामावर जाण्याआधी अंधारात जाऊन रांगेत उभी राहिली होती. "पाच मिनिटांत झालं असतं तरी मला नको होतं मावशी," ती म्हणाली. "रांग लांब होती याचाच आनंद झाला."

गुरुवार, १० जानेवारी

मेट्रोची सिल्व्हर लाइन अजून अ‍ॅशबर्नपर्यंत आलेली नाही. भाचीने मला रेस्टनच्या स्टेशनावर सोडलं, तिथून मेट्रोने मी स्मिथसोनियन स्टेशनला उतरले. वर आले तर डोळ्यांत पाणी आणणारा वारा आणि रिकामं नॅशनल मॉल, म्हणजे संग्रहालयांमधलं लांबलचक हिरवळीचं मैदान. स्मिथसोनियनची सगळी संग्रहालयं आणि प्राणिसंग्रहालय २ जानेवारीपासून बंद आहेत. अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाच्या दारावर सूचना चिकटवलेली होती. एक बाई दोन मुलांना ती वाचून दाखवत होती. धाकटा पुन्हा पुन्हा विचारत होता, कुणी बंद केलं? तिला सांगता येईना. मॉलवरच्या कचराकुंड्या शहराची माणसं रिकाम्या करत होती, कारण ज्यांचं ते काम, ती राष्ट्रीय उद्यान खात्याची माणसं घरी बसवलेली.

हे शहर तर आणखी वेगळ्या तऱ्हेने अडकलं आहे. इथले जवळपास ७ लाख रहिवासी केंद्राचा कर भरतात, पण संसदेच्या प्रतिनिधीगृहात त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही आणि सिनेटर तर नाहीच. गाड्यांच्या नंबरप्लेटवरच त्यांनी ही तक्रार छापून घेतली आहे. इथलं न्यायालय केंद्राच्या पैशावर चालतं, त्यामुळे शटडाउनमध्ये विवाह परवान्याची खिडकीही मिटली. ठरलेली लग्नं अडली. शेवटी मंगळवारी नगर परिषदेने खास ठराव करून परवाने देण्याचा अधिकार महापौरांना दिला.

दुपारी सोळाव्या रस्त्यावर कामगार संघटनांच्या मुख्यालयासमोर कर्मचाऱ्यांचा मेळावा होता. मी कडेला उभी राहिले. "आम्हाला काम करायचं आहे," अशा घोषणा चालल्या होत्या. मोर्चे मी आयुष्यात खूप पाहिले. पगारवाढीचे, पेन्शनचे, विनाअनुदानित शिक्षकांचे. कामावर जाऊ द्या म्हणून निघालेला मोर्चा पहिल्यांदा पाहिला. इथून लोक व्हाइट हाउसकडे चालत गेले. ट्रम्प त्या दिवशी टेक्सासमध्ये सीमेवर होते.

हातात कागदी फलक धरलेल्या एका बाईंशी बोलले. गृहनिर्माण खात्यात अनेक वर्षं नोकरी, राहायला मेरीलँड. मतदान दर वेळी करतात. त्या म्हणाल्या, "माझ्या मताने कोण निवडून यावं ते ठरलं. आलेल्यांनी सकाळी उठून काम करावं, एवढं मात्र त्या मताने ठरत नाही." या वाक्याने मला दिवसभर सोडलं नाही.

शुक्रवार, ११ जानेवारी

आज कर्मचाऱ्यांच्या पगाराची तारीख. मेट्रोत शेजारच्या तरुणाने मित्राला फोनवर पगारपत्रक दाखवलं, निव्वळ रकमेच्या जागी शून्य. तो विमान वाहतूक नियंत्रक होता की आणखी कुणी, ते कळलं नाही. दोघंही काही बोलले नाहीत.

कॅपिटॉल, म्हणजे संसद भवन, मात्र उघडं होतं. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, स्वतःच्या खर्चाचं विधेयक सप्टेंबरमध्येच मंजूर झालं होतं, त्यामुळे घुमटाखालचं सगळं नेहमीसारखं चालू, सदस्यांचे पगारही. परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवून प्रतिनिधीगृहाच्या प्रेक्षक सज्जाचा पास मिळतो. फोन, पिशवी, सगळं खाली ठेवून मी वर गेले. भिंतींवर वरच्या बाजूला जगातल्या विधिकर्त्यांच्या संगमरवरी प्रतिमा, हमुराबीपासून जेफर्सनपर्यंत. खाली सदस्य गटागटाने उभे राहून बोलत होते.

मतदान होतं ते सरकार सुरू झाल्यावर कर्मचाऱ्यांना थकलेला पगार देण्याच्या विधेयकावर. सिनेटने आदल्या दिवशीच ते एकमताने मान्य केलं होतं. सदस्य कार्ड घालून मत देतात आणि भिंतीवर नावांपुढे दिवे लागत जातात. पाहता पाहता हिरव्या दिव्यांनी भिंत भरली. ४११ विरुद्ध ७. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि सज्जात टाळ्या चालत नाहीत हे आठवून खाली घेतले.

मला मात्र राग आला. अजूनही आठवलं की येतो. ४११ माणसं एका दुपारी एकमेकांशी सहमत होऊ शकतात, पैसे द्यायचे यावर सहमत होऊ शकतात, आणि ते पैसे देणारं दार उघडायचं मात्र ठरवू शकत नाहीत! त्या मतदानानंतर सभागृहाने शनिवार-रविवारची सुट्टी घेतली. सदस्य चाकांच्या बॅगा ओढत पायऱ्या उतरताना मी पाहिले.

हे अडतं कुठे, ते समजून घेण्यासाठी मी संध्याकाळी जावयांना बसवून घेतलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटांनी प्रतिनिधीगृहात ४० जागा जास्त मिळवून बहुमत घेतलं. सिनेटमध्ये रिपब्लिकनांचं बळ उलट वाढून ५३ झालं. सिनेटमध्ये वादाचं विधेयक पुढे न्यायचं तर शंभरपैकी ६० मतं लागतात. म्हणजे ५३ असूनही भिंतीचे पैसे मंजूर होत नाहीत. प्रतिनिधीगृह नव्या वर्षात भिंतीशिवायची विधेयकं मंजूर करून पाठवतंय, पण अध्यक्ष सही करणार नाहीत अशा विधेयकावर मी मतदान घेणारच नाही, असं सिनेटमधले बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल सांगताहेत. याच सिनेटने १९ डिसेंबरला भिंतीच्या पैशांशिवायचं तात्पुरतं खर्च विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ज्यावर कुणी हरकतसुद्धा घेतली नाही, ते आता मतदानालाच येत नाही.

शनिवार, १२ जानेवारी

आज माउंट व्हर्नन, पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं घर. ते उघडं आहे, कारण ते सरकारचं नाहीच. वाडा मोडकळीला आला आणि केंद्र व राज्य दोघांनीही घ्यायचं नाकारलं, तेव्हा अ‍ॅन पामेला कनिंगहॅम या बाईंनी देशभरच्या स्त्रियांना हाक देऊन पैसे उभे केले आणि १८५८मध्ये खरेदीचा करार केला. तेव्हापासून त्यांचीच संस्था ते सांभाळते. शटडाउन येवो की जावो, तिथे रोज दिवा लागतो. या बाईंविषयी मी आधी काही वाचलं नव्हतं. पोटोमॅक नदीकडे तोंड करून असलेल्या ओसरीत उभं राहून मी त्यांचंच स्मरण केलं.

दिवाणखान्याच्या वाटेवर फ्रेंच सेनानी लाफायेतने पाठवलेली पॅरिसच्या बॅस्तील तुरुंगाची किल्ली काचेत लावलेली आहे. १७९६मध्ये निवृत्त होताना वॉशिंग्टन यांनी देशवासीयांना लिहिलेल्या निरोपपत्रात पक्षीय चुरशीबद्दल बजावून ठेवलं होतं. एक गट दुसऱ्यावर आळीपाळीने सत्ता गाजवेल, सूड उगवत राहील आणि त्यात राज्यकारभार अडखळेल, असा त्याचा आशय. हे पत्र १८९६पासून दर वर्षी त्यांच्या जन्मदिवसाच्या सुमारास सिनेटमध्ये मोठ्याने वाचतात. येत्या फेब्रुवारीतही वाचतील.

रांगेत वेस्ट व्हर्जिनियाचं एक जोडपं भेटलं. गृहस्थ निवृत्त खाण कामगार. त्यांनी नोव्हेंबरमध्ये सिनेटसाठी डेमोक्रॅट जो मॅन्चिन यांना मत दिलं आणि प्रतिनिधीगृहासाठी रिपब्लिकन उमेदवाराला. भिंत हवी म्हणतात. मी विचारलं, मग हे सगळं पटतं का? ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी दोघांना मत दिलं ते दोघांनी बसून तोडगा काढावा म्हणून. माझ्या मताचा हा अर्थ कुणी वाचतच नाही." आजवर मला वाटत होतं की लोकप्रतिनिधी शब्द मोडतात म्हणून लोक चिडतात. इथे निराळंच आहे. प्रत्येक जण आपल्या कट्टर मतदाराला दिलेला शब्द पाळतो आहे, म्हणूनच गाडं पुढे सरकत नाही. आणि या गृहस्थांसारखा मधला मतदार, ज्याला देवाणघेवाण हवी आहे, त्याची मागणी कुणाच्याच यादीत नाही.

आज शटडाउनचा बाविसावा दिवस. १९९५-९६चा २१ दिवसांचा विक्रम मोडला. तोही १९९४च्या मिडटर्ममध्ये सत्ता दुभंगल्यावरच आला होता, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन एकीकडे आणि प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती न्यूट गिंग्रिच दुसरीकडे. परतताना बर्फ भुरभुरायला लागला.

रविवार, १३ जानेवारी

सुमारे दहा इंच बर्फ पडला. दिवसभर घरात. जावयांनी फावड्याने गाडीचा रस्ता मोकळा केला, नंतर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचाही केला. कामाशिवाय राहणं त्यांना जमत नाही.

चहा घेताना त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली, जी ऐकून मी चकित झाले. शटडाउन ही काही संविधानात लिहिलेली गोष्ट नाही. मंजुरीशिवाय सरकारी पैसा खर्चायचा नाही, हा कायदा एकोणिसाव्या शतकातला. पण मंजुरी लांबली तरी खाती साधारण चालूच राहायची. १९८० आणि १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायदेशीर मतं दिली की मंजुरी नसेल तर जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणापुरतं सोडून काम थांबवलंच पाहिजे. त्यानंतर ही कुलपं सुरू झाली. म्हणजे हे बदलता येतं. मंजुरी रखडली तर मागच्या वर्षीच्या दराने खर्च आपोआप चालू राहील, एवढा एक कायदा पुरेल. तशी विधेयकं काँग्रेससमोर येऊन गेली आहेत. पण कुलपाची भीती हातात असणं दोन्ही पक्षांना आळीपाळीने सोयीचं वाटत आलं आहे.

आपल्याकडे लोकसभेने अनुदानाच्या मागण्या फेटाळल्या तर सरकार पडतं. नवा अर्थसंकल्प व्हायचा असेल तर लेखानुदानावर कारभार चालतो. तलाठ्याचा पगार पंतप्रधान आणि विरोधकांच्या भांडणासाठी अडवून ठेवता येत नाही. इथे अध्यक्षाला चार वर्षं हात लावता येत नाही, सिनेटरला सहा वर्षं. खर्च नामंजूर झाला म्हणून दोघांपैकी कुणीच घरी जात नाही, घरी जातो तो कारकून. आपलं सगळं छान आहे असं मात्र मी म्हणणार नाही. गेल्या मार्चमध्येच लोकसभेत गोंधळात गिलोटीन लावून, म्हणजे चर्चा तोडून थेट मतदान घेऊन, लाखो कोटींच्या मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झालं. आपल्याकडे पैसा अडला नाही, पण त्यावर प्रश्न विचारायला निवडून दिलेल्यांनी प्रश्नच विचारले नाहीत. तेही मतदाराचंच नुकसान.

मंगळवार, १५ जानेवारी

सोमवार बर्फातच गेला. आज भाचीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. काळ्या साड्या नेसून, वर जाड कोट घालून बायका आल्या. वाणाला कापडी पिशव्या.

एक बाई अन्न व औषध प्रशासनात शास्त्रज्ञ, सक्तीच्या सुट्टीवर. प्रयोगशाळेत तिचे नमुने पडून आहेत, त्यातले काही आता वाया गेले असतील म्हणून ती हळहळत होती. दुसरीचा नवरा तटरक्षक दलात. बाकीच्या सैन्यदलांना पगार मिळतो, कारण संरक्षण खात्याचा खर्च मंजूर आहे, पण तटरक्षक दल अंतर्गत सुरक्षा खात्यात मोडतं, म्हणून त्यांना नाही.

मग विषय निघालाच. व्हर्जिनियाचा हा दहावा मतदारसंघ १९८१पासून रिपब्लिकनांकडे होता. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट जेनिफर वेक्स्टन यांनी बार्बरा कॉमस्टॉक यांना सुमारे १२ टक्के मतांच्या फरकाने हरवलं. खोलीतल्या बहुतेकींनी वेक्स्टन यांना मत दिलेलं. एकीने कॉमस्टॉक यांना. ती शांतपणे म्हणाली, "मी ग्रीन कार्डसाठी अकरा वर्षं रांगेत थांबले. सीमेवर नियम असावा असं मला वाटतं, यात माझं काय चुकलं? पण माझ्या शेजारणीचा पगार बुडवून तो नियम यावा, असं मी मत देताना कुठे म्हटलं होतं?" सगळ्या गप्प झाल्या. शास्त्रज्ञ बाईने उठून तिला तिळाची वडी दिली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. त्यानंतर भिंत हवी की नको यावर दोघी अर्धा तास भांडल्या, आणि मुद्द्याचं भांडल्या. किती मैल, कुठे, कॅमेरे लावले तर चालेल का, लहानपणी इथे आलेल्या मुलांना कायमचं राहू दिलं तर त्या बदल्यात किती पैसे. हळदीकुंकवाला आलेल्या या दोघी जे बोलत होत्या, ते कॅपिटॉलमध्ये बोलायला हवं होतं. मी तसं म्हटलंही.

बुधवार, १६ जानेवारी

मी या शहरात एक गोष्ट पाहायचीच असं सांगलीहून ठरवून आले होते: राष्ट्रीय अभिलेखागारातलं अमेरिकेचं मूळ संविधान. 'आम्ही लोक' या शब्दांनी सुरू होणारं ते चर्मपत्र. आपल्या उद्देशिकेची सुरुवातही त्याच धर्तीची. इयत्ता आठवी-नववीच्या मुलांना ती मी किती वर्षं पाठ करायला लावली. आज उंच खांबांच्या त्या इमारतीसमोर गेले. दारं बंद. आत लोकांचं संविधान आणि बाहेर लोक. मी पायऱ्यांपाशी बराच वेळ थांबले.

तिथून जवळच पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर शेफ होसे आंद्रेस यांच्या वर्ल्ड सेंट्रल किचनने आजच अन्नछत्र सुरू केलं आहे. चक्रीवादळानंतर पोर्तो रिकोमध्ये लाखो ताटं वाढणारी ही संस्था. सरकारी ओळखपत्र दाखवायचं आणि गरम जेवण घ्यायचं. एका बाजूला कॅपिटॉल, दुसऱ्या बाजूला व्हाइट हाउस आणि मधल्या रस्त्यावर या दोघांच्या नोकरांची रांग, कोपऱ्यावरून वळून मागे गेलेली. कोट चांगले, बूट चांगले, गळ्यात ओळखपत्रं, नजर फोनमध्ये. कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा फुकटच्या जेवणासाठी रांग लावली असेल.

एक मध्यमवयीन गृहस्थ बोलले. जनगणना विभागात आहेत. २०२०च्या जनगणनेची तयारी सुरू आहे आणि तेच मोजणारे इथे रांगेत. नोव्हेंबरमध्ये मत दिलं होतं का, मी विचारलं. हो म्हणाले, आणि पुढच्या वेळी देणार का हे मी विचारायच्या आतच म्हणाले, "देणार. पण या वेळेसारखी आशा ठेवून नाही."

नोव्हेंबरमध्ये मतदान जवळपास ५० टक्के झालं होतं. मिडटर्मला इतकं मतदान १९१४नंतर झालंच नव्हतं. लोक उदासीन आहेत असं कुणालाही म्हणता येणार नाही. ते आले होते, थंडीत उभे राहिले होते. केंद्राध्यक्ष म्हणून मला ठाऊक आहे, माणूस एकदा रांगेतून निराश होऊन परत गेला की त्याला पुन्हा केंद्रावर आणायला किती वर्षं लागतात.

आजच प्रतिनिधीगृहाच्या सभापती पेलोसी यांनी ट्रम्प यांना पत्र लिहून काँग्रेससमोरचं वार्षिक भाषण पुढे ढकलायला सुचवलं.

गुरुवार, १७ जानेवारी

परतीचं विमान रात्रीचं. सामान भरताना बातमी आली, पेलोसी यांच्या परदेश दौऱ्यासाठीचं लष्करी विमान ट्रम्प यांनी ऐनवेळी नाकारलं. भाचीने टीव्ही बंद केला. विमानतळावर तपासणीच्या रांगेत माझ्या पुढच्या आजोबांनी सुरक्षा कर्मचारी बाईंच्या हातात किराणा दुकानाचं भेटकार्ड ठेवू पाहिलं. तिला ते घेता येत नव्हतं. नियम तिने पाळला.

सांगली, फेब्रुवारीअखेर

२४ जानेवारीला सिनेटमध्ये दोन्ही पक्षांची विधेयकं मतदानाला आली. ट्रम्प यांच्या प्रस्तावाला ५० विरुद्ध ४७, डेमोक्रॅटांच्या प्रस्तावाला ५२ विरुद्ध ४४. साठ कुणालाच नाहीत. दुसऱ्या दिवशी हवाई नियंत्रक कमी पडले, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाकडे येणारी विमानं रोखावी लागली आणि त्याच दुपारी ट्रम्प यांनी तीन आठवड्यांपुरतं सरकार उघडलं. पस्तीस दिवस झाले होते. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने हिशेब मांडला: अर्थव्यवस्थेचं ११ अब्ज डॉलरचं नुकसान, त्यातले ३ अब्ज कधीच भरून न येणारे. १५ फेब्रुवारीला झालेल्या तडजोडीत सीमेवरच्या ५५ मैलांच्या कुंपणासाठी १.३७५ अब्ज डॉलर मिळाले, आणि उरलेल्या पैशांसाठी ट्रम्प यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. भांडण आता न्यायालयात.

कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळाला. कंत्राटदारांच्या माणसांना नाही. त्यांना भरपाई द्यायची तरतूद फेब्रुवारीच्या विधेयकातून गळली. जावयांचे पाच आठवडे गेले ते गेलेच.

भाची रोज कामावरून येताना फोन करायची, आधी वेक्स्टन यांच्या कार्यालयात, मग वॉर्नर आणि केन या व्हर्जिनियाच्या दोन्ही सिनेटरांकडे. काल म्हणाली, "मावशी, मी ज्यांना फोन करते ते तिघंही माझ्याच बाजूचे आहेत. ज्यांनी विधेयक अडवलं, ते केंटकीचे. त्यांना माझ्या मताची गरज नाही आणि मला त्यांना मत नाकारताही येत नाही." मॅकॉनेल यांची निवडणूक २०२०मध्ये आहे. केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये तिच्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी राहतात, एक अजून मतदार म्हणून नोंदलेली नाही. नोंदणीचा अर्ज भाचीने तिला कालच पाठवला.